वजाबाकी कुठे चुकली ते शोधताना

कृतिसंशोधनाच्या फायली तपासायचे दिवस आले की माझ्या टेबलावर चळत लागते. प्राथमिक शाळेत शिकवायला जाणाऱ्या मुलामुलींना मी शिकवते, आणि त्यांच्या अभ्यासक्रमात हा एक भाग असतोच. वर्गातली एखादी अडचण पकडायची, तिच्यावर काहीतरी करून बघायचं, काय झालं ते नोंदवायचं, त्यावर विचार करून पुढचं पाऊल ठरवायचं. बरीच वर्षं मी या फायली वाचल्या, सह्या केल्या, मार्क दिले, आणि हळूहळू मला एक गोष्ट खटकायला लागली की प्रत्येक फाइल यशस्वीच कशी काय होते. पूर्वचाचणीत मुलं कच्ची, मग तीन आठवडे उपाययोजना, मग उत्तरचाचणीत मुलं पक्की, मध्ये दोन स्तंभालेख आणि शेवटी ते ठरलेलं वाक्य, 'सदर उपाययोजना परिणामकारक ठरली'. इतक्या वर्षांत एकाही होतकरू शिक्षकाचा उपाय फसला नाही, असं कसं होईल? मी स्वतः वर्गात उभी राहते, माझे कितीतरी उपाय फसतात.

खोट मुलींमध्ये नव्हती हे मला नंतर कळलं. आम्हीच त्यांना तसं करायला लावत होतो. विषय लवकर द्या, शीर्षक मंजूर करून घ्या, परिकल्पना, म्हणजे काय निष्पन्न होईल याचा अंदाज, लिहा, फॉरमॅट पाळा, आणि हे सगळं शाळेत पाऊल टाकायच्या आधी! म्हणजे ज्या मुलांना अजून पाहिलंसुद्धा नाही त्यांची अडचण आधीच ठरलेली. मग 'इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनातील चुकांचा अभ्यास' असं शीर्षक घेऊन पोरगी वर्गात जाते आणि त्या वर्गाची खरी अडचण भलतीच असते, पण शीर्षक मंजूर झालेलं असतं ना, मग ती बिचारी शुद्धलेखनाच्या चुका गोळा करत बसते.

हे सगळं माझ्या डोक्यात बदललं ते एका वजाबाकीमुळे. ते जरा नीट सांगते, कारण मला जे म्हणायचंय ते सगळं त्यात आहे.

एक छात्राध्यापिका, म्हणजे शिक्षिका व्हायला शिकणारी मुलगी, होती, शांत, मेहनती, पाठाचं टाचण नेहमी पूर्ण. आंतरवासितेत, म्हणजे शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवायच्या आठवड्यांत, तिला तिसरीचा वर्ग मिळाला होता. दुसऱ्या आठवड्यात ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, मुलांना हातच्याची वजाबाकी येत नाही, सराव कमी पडतोय, मी रोज दहा उदाहरणं जास्तीची देणार, हाच विषय घेऊ का?" मी एरवी हो म्हणून सही केली असती. त्या दिवशी का कुणास ठाऊक, मी म्हटलं, "अगं, आधी मला वह्या दाखव." तिनं पाच-सहा वह्या आणल्या. आम्ही दोघी स्टाफरूममध्ये बसलो आणि नुसती चुकलेली उत्तरं बघत गेलो. ५२ वजा ३८, उत्तर २६. ७१ वजा ४५, उत्तर ३४. ६० वजा २७, उत्तर ४७. तिनं प्रत्येकावर लाल फुली मारली होती, काही ठिकाणी 'नीट लक्ष दे' असंही लिहिलं होतं. मी विचारलं, "हे २६ कुठून आलं असेल?" ती बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन." आणि मग तिनं पुढचं बघितलं, त्याच्या पुढचं बघितलं, सगळीकडे तेच. मूल वर-खाली न बघता मोठ्या अंकातून लहान अंक वजा करत होतं, आणि एकदाही चुकत नव्हतं. त्याचा एक नियम होता आणि तो नियम ते प्रामाणिकपणे पाळत होतं.

मी तिला म्हटलं, उद्या त्या मुलाशेजारी बस, एक उदाहरण सोडवायला दे आणि मोठ्यानं बोलत बोलत सोडव म्हण, तू मध्ये काही सांगू नकोस. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होता. मुलानं सांगितलं होतं, "दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन घालवले. तुम्हीच सांगितलंत ना बाई, लहानातून मोठं जात नाही."

तिनं खरंच सांगितलं होतं. वर्गशिक्षिकेच्या परवानगीनं तिनं आपल्या तासाचं मोबाइलवर ऑडिओ रेकॉर्डिंग केलेलं होतं, ते आम्ही लावून ऐकलं, आणि त्यात तिच्याच आवाजात ते वाक्य तीनदा आलं, 'लहानातून मोठं जात नाही, बरोबर?' आणि सगळा वर्ग एका सुरात 'होऽऽ'. त्यानंतर तिनं दशक सुटा कसा करायचा ते सांगितलं होतं, फळ्यावर दाखवलंही होतं, पण काही मुलांनी ते पहिलं वाक्य धरून ठेवलं आणि पुढचं सोडून दिलं. का सोडू नये? वाक्य सोपं होतं, बाईंनी तीनदा म्हटलं होतं, आणि सगळ्यांनी हो म्हटलं होतं.

मुलांच्या वजाबाकीतल्या चुका बेपर्वाईच्या नसतात, त्यामागे चुकीची पण सुसंगत पद्धत असते, हे जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन संशोधकांनी १९७८ मध्येच बारकाईनं मांडलेलं आहे, आणि मोठ्यातून लहान घालवण्याची ही चूक त्यातली सगळ्यांत ओळखीची. मी तिला हे नंतर सांगितलं. मला वाटलं होतं ती हिरमुसेल, की मग मी नवीन काय शोधलं. पण ती म्हणाली, "मॅडम, चूक त्यांना माहीत होती, माझं वाक्य कुठे माहीत होतं?" मी त्या दिवशी घरी जाताना हेच मनात घोळवत गेले. कृतिसंशोधनावर नेहमी आक्षेप येतो ना की हे कसलं संशोधन, चाळीस मुलांचा एक वर्ग, नमुना नाही, तुलनेसाठी नियंत्रित गट नाही, यातून जगाला काय मिळणार. जगाला कदाचित काही मिळणार नाही. पण त्या मुलीला तिचं स्वतःचं वाक्य मिळालं, जे कुठल्याही पुस्तकात छापलेलं नव्हतं, आणि ती अजून पस्तीस वर्षं शिकवणार आहे.

मग तिनं जास्तीची दहा उदाहरणं दिलीच नाहीत. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे केले, मुलांच्या हातात दिले आणि '५२ काड्या आहेत, ३८ मला दे' एवढंच म्हणाली. मुलं अडली. दोनच सुट्या, आठ कशा देणार? एकानं विचारलं, गठ्ठा सोडू का? ते तिनं डायरीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय. पहिल्या फेरीत काही मुलं सावरली, काही गठ्ठे घेऊन बरोबर करायची आणि वहीत परत २६ लिहायची, म्हणजे काड्या आणि वही यांच्यात पूल बांधलाच गेला नव्हता. मग दुसऱ्या फेरीत तिनं काड्या सोडतानाच शेजारी लिहायला लावलं, एक गठ्ठा सोडला की दशकावर लगेच काट. शेवटपर्यंत चार मुलं राहिली. तिची आंतरवासिता संपली तेव्हा त्या चौघांचं अडलेलंच होतं, आणि तिनं रिपोर्टात ते तसंच लिहिलं, कोण चौघं, कुठे अडतात, पुढे कुणी काय करून बघावं. मी वाचलेल्या रिपोर्टांमधला तो पहिला, ज्यात पुढच्या माणसासाठी काहीतरी शिल्लक ठेवलेलं होतं.

आता थोडं मागे जाते, कारण ही कल्पना मुळात कशी आली ते कळलं की आपण तिचं काय करून ठेवलंय तेही कळतं. कृतिसंशोधन हा शब्द रुळला तो मुख्यतः कुर्ट लेविन या मानसशास्त्रज्ञामुळे. ते ज्यू होते, १९३३ मध्ये जर्मनी सोडून अमेरिकेत गेले, आणि १९४६ मध्ये त्यांनी जो लेख लिहिला तो अल्पसंख्याकांच्या प्रश्नांवर होता. त्यात त्यांचं म्हणणं होतं की ज्या संशोधनातून नुसती पुस्तकंच निघतात ते पुरेसं नाही. ठरवा, करा, काय झालं ते तपासा, मग पुन्हा ठरवा, असा फिरत वर जाणारा जिना त्यांनी मांडला. पुढच्याच वर्षी ते गेले. शिक्षणात ही गोष्ट आणली स्टीफन कोरी यांनी, अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये, १९५३ च्या सुमारास, आणि मग इंग्लंडमध्ये लॉरेन्स स्टेनहाउस यांनी १९७५ मध्ये ठामपणे म्हटलं की शिक्षक हाच संशोधक असला पाहिजे, दुसऱ्यांनी शोधलेलं त्यानं फक्त वापरायचं असं नाही. त्यांचे सहकारी जॉन एलियट यांनी शिक्षकांबरोबर काम करताना एक साधी पण फार कामाची गोष्ट केली, एकाच तासाबद्दल शिक्षकाला काय वाटतं, मुलांना काय वाटतं आणि मागे बसून बघणाऱ्याला काय वाटतं, या तिन्ही बाजू शेजारी ठेवायच्या. वजाबाकीच्या गोष्टीत हेच झालं होतं, फक्त आम्हाला तेव्हा ते ठाऊक नव्हतं. तिला वाटत होतं सराव कमी, मुलाला वाटत होतं मी बाईंचं ऐकतोय, आणि रेकॉर्डिंग तिसरंच सांगत होतं.

पण हे सगळे नोकरीत असलेल्या शिक्षकांचं बोलत होते. जी मुलगी अजून शिक्षक झालेलीच नाही, जिला वर्ग सांभाळताना घाम फुटतो, तिच्या डोक्यावर संशोधन कशाला, असं माझे काही सहकारी म्हणतात आणि ते अगदीच चुकीचं म्हणतात असं नाही. आधी शिकवायला शिकू दे, मग शोधेल. मलाही आधी तसंच वाटायचं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठात केनेथ झाइक्नर आणि त्यांचे सहकारी १९८० च्या दशकात प्राथमिकच्या होणाऱ्या शिक्षकांकडूनच हे करून घेत होते, त्यांचंही सगळं सुरळीत झालं असं नाही, त्यांनी अडचणी उघडपणे लिहिल्या आहेत, आणि त्यामुळेच मला ते वाचून धीर आला.

मला उलट वाटायला लागलं ते आणखी एका कारणानं. शिक्षक व्हायला येणारी मुलगी कोरी पाटी नसते हो. डॉक्टर व्हायला येणाऱ्यानं लहानपणापासून रोज ऑपरेशन बघितलेलं नसतं, पण शिक्षक व्हायला येणाऱ्यानं शिक्षकाला रोज बघितलेलं असतं. डॅन लॉर्टी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये याचा हिशोब मांडला होता, शाळा संपेपर्यंत एक विद्यार्थी साधारण १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढतो. ही एक प्रकारची उमेदवारीच, फक्त बाकावर बसून केलेली. बाईंनी काय केलं ते दिसतं, का केलं ते दिसत नाही. मग आमच्याकडे दोन वर्षं येऊन, मानसशास्त्राचे पेपर देऊन, बालकेंद्री शिक्षणावर निबंध लिहून जेव्हा ती पहिल्यांदा खडू हातात घेते तेव्हा तोंडातून निघतात ते तिच्या स्वतःच्या तिसरीतल्या बाईंचे शब्द. लहानातून मोठं जात नाही, हे वाक्य तिनं कुठे ऐकलं होतं, विचारलं तर म्हणाली, माझ्या बाई असंच म्हणायच्या. १३,००० तासांचं हे ओझं माझ्या लेक्चरनं उतरत नाही. स्वतःचा आवाज स्वतःच्या कानांनी ऐकला तर थोडं हलतं.

म्हणून आता मी सगळ्यांकडून एक काम करून घेते, आपल्या तासातली फक्त दहा मिनिटं शब्दशः उतरवून काढायची. दहाच मिनिटं, पण त्याला संध्याकाळ जाते. मुली वैतागतात, मुलगे तर जास्तच. पण उतरवताना जे दिसतं ते मी कितीही शेरे लिहिले तरी दिसत नाही. एकीला दिसलं की तिनं दहा मिनिटांत चार मुलांचीच नावं घेतली, तीही पुढच्या दोन बाकांवरची. एकाला दिसलं की तो मुलाचं उत्तर पुरं व्हायच्या आत स्वतःच ते पुरं करतो. आणि जवळपास प्रत्येकाला दिसतं की प्रश्न विचारल्यावर आपण थांबतच नाही. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेनं प्राथमिक शाळांमधल्या विज्ञानाच्या तासांची रेकॉर्डिंग ऐकून हेच मोजलं होतं, १९७० च्या दशकातली गोष्ट आहे, शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एक सेकंदभर थांबतात, आणि तीन सेकंद किंवा जास्त थांबायला शिकले तर मुलांची उत्तरं लांबतात, गप्प बसणारी मुलं बोलायला लागतात, मुलं स्वतः प्रश्न विचारतात. तीन सेकंद! घड्याळ लावून वर्गात तीन सेकंद गप्प उभं राहून बघा, पहिल्यांदा ते किती लांब वाटतात. एक छात्राध्यापक टेबलाखाली बोटं मोजायचा. एक, दोन, तीन, मग बघायचं कोण हात वर करतंय. त्याच्या तिसऱ्या आठवड्याच्या रेकॉर्डिंगमध्ये एक मुलगी बोलते, जिचा आवाज आधीच्या कुठल्याच रेकॉर्डिंगमध्ये नाही. ती म्हणते, "पण मग पाणी कुठे गेलं?" बाष्पीभवनाचा तास चालला होता. तो मला ते पुन्हा पुन्हा ऐकवत होता.

काही गोष्टी आम्हाला बदलाव्या लागल्या. शीर्षक आधी मागायचं बंद केलं, पहिले दोन आठवडे फक्त बघायचं आणि रोज एक प्रश्न लिहायचा, तो बदलला तरी चालेल, बदलायलाच हवा. यशाचे मार्क काढून टाकले आणि प्रश्न कसा बदलत गेला त्याला मार्क दिले, यावर आमच्याकडे बराच वाद झाला कारण ते तपासायला अवघड जातं, स्तंभालेख तपासणं सोपं असतं. मुलांबद्दलही काळजी घ्यावी लागते. रेकॉर्डिंग करायचं तर शाळेची आणि पालकांची परवानगी, मुलांनाही सांगायचं की कशासाठी करतोय, नावं बदलायची, आणि अर्ध्या वर्गाला चांगलं शिकवून अर्ध्याला तुलनेसाठी तसंच ठेवायचं असला प्रकार बिलकुल नाही. मुलांचं ते वर्ष परत येत नसतं.

एकदा एका शाळेत फार अवघड प्रसंग आला होता. आमच्या मुलीनं रिपोर्टाचा कच्चा मसुदा वर्गशिक्षिकेला वाचायला दिला, त्यात लिहिलं होतं की वर्गातल्या मुलांना वाचायला पुरेसा वेळ मिळत नाही. त्या बाई दुखावल्या, वीस वर्षं त्या तो वर्ग मन लावून सांभाळत होत्या आणि सहा आठवड्यांसाठी आलेली पोर त्यांच्या वर्गाला अडचण म्हणत होती. मी जाऊन माफी मागितली. चूक माझीच होती, कारण मी मुलीला वर्गाची अडचण शोधायला पाठवलं होतं, आणि वर्ग त्या बाईंचा होता. तेव्हापासून प्रश्नात 'मी' हा शब्द आलाच पाहिजे असं ठरवलंय. मी विचारलेल्या प्रश्नांना, मी दिलेल्या सूचनांमध्ये, मी घेतलेल्या तासाला. आणि वर्गशिक्षिकेला पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं. त्याच बाईंनी पुढच्या वर्षी स्वतःहून विचारलं की त्या रेकॉर्डिंगचं मलाही शिकवाल का.

दुसऱ्यांना इतकं सांगते तर स्वतःकडेही बघावं म्हणून मागच्या सुट्टीत मी माझ्याच जुन्या पाठनिरीक्षण वह्या काढल्या. सराव पाठांवर मी लिहिलेले शेरे. तीन वर्षांचे शेरे मी रंगीत पेन घेऊन खुणा करत वाचले, शिक्षकाबद्दलच्या शेऱ्याला निळी खूण, मुलांबद्दलच्या शेऱ्याला हिरवी. पानंच्या पानं निळी. फलकलेखन सुंदर, आवाज स्पष्ट, साधन आकर्षक, वेळेचं नियोजन सुधारावे, वर्ग नियंत्रण चांगले. हिरव्या खुणा शोधाव्या लागल्या, आणि सापडल्या त्याही बहुतेक 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद चांगला' एवढ्याच. कोणत्या मुलानं काय म्हटलं, कोण गप्प होतं, कुणाचं २६ आलं, काही नाही. मुली माझ्याकडून काय शिकत होत्या मग? शिक्षकाकडे बघायचं, हेच. बाकावर बसून १३,००० तास केलं तेच मी मागच्या बाकावर बसून पुढे चालवत होते.

या वर्षी मी वहीच्या पानावर वर एक ओळ आखून घेतली, 'एका मुलाचं एक वाक्य, जसंच्या तसं'. पहिल्या तीन पाठांना ती ओळ कोरी राहिली. मी मागच्या भिंतीला टेकून बसत होते, तिथून मुलांच्या फक्त पाठी दिसतात आणि ऐकू येतो तो शिक्षकाचा आवाज. चौथ्या पाठाला मी छात्राध्यापिकेला विचारून बाजूला, खिडकीलगत दोन मुलांच्या मध्ये जाऊन बसले. अपूर्णांक चालले होते. डावीकडच्या मुलानं कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली आणि शेजारच्याला कुजबुजून म्हणाला, "पाव अर्ध्यापेक्षा मोठा पाहिजे ना, चार दोनापेक्षा मोठे आहेत." मी ते वाक्य त्या ओळीवर उतरवून घेतलं. तास संपल्यावर वही छात्राध्यापिकेपुढे ठेवली, दुसरा काहीच शेरा लिहिला नव्हता. तिनं वाचलं, परत वाचलं, आणि विचारलं, "मॅडम, हा कोण म्हणाला? तो अजून वर्गातच आहे का?"